बंद गोडाऊनमधले ग्लू बोर्ड

शटर अर्धं वर गेलं आणि वास बाहेर आला. झाडायला आलेल्या दोघी बायका तिथूनच मागे फिरल्या. मी तोंडाला रुमाल बांधला, टॉर्च घेतला आणि वाकून आत शिरले. माझ्या मागे गौतमभाऊ आले. गौतम खरात या गोडाऊनचे जुने हमाल. राजूरजवळच्या गावाहून रोज बाईकवर यायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर प्लांट त्या सकाळीच उघडला होता.

मी पेस्ट कंट्रोलचं काम करते. शेतकी कॉलेजातून पदवी घेतली, थोडी नोकरी केली आणि मग जालन्यातच स्वतःचं छोटं काम सुरू केलं. एमआयडीसीत मला उंदीरवाल्या मॅडम म्हणतात. माझे बरेचसे क्लायंट बियाणांचे प्लांट आहेत. बियाणाला उंदीर फार वाईट. तो खातो थोडं, पण पोती फाडतो, मुततो, आणि मक्याच्या दाण्याचा नेमका कोंबाचा भाग कुरतडतो. असं बियाणं पोत्यात चांगलं दिसतं आणि शेतात उगवत नाही.

उंदीर मारायला विष आहे. पण विष खाल्लेला उंदीर पोत्यांच्या थप्पीत घुसून मरतो, मग कुजतो. पिंजऱ्यात पहिले काही सापडतात, बाकीचे शहाणे होतात. चाप बरा, मान मोडून लगेच मारतो. पण रक्त सांडतं, आणि ते तपासणीला आलेल्या लोकांना दिसलेलं मॅनेजरला नको असतं. मग उरतो ग्लू बोर्ड. जाड पुठ्ठा, त्यावर कधीच न वाळणारा गोंद. उंदीर भिंतीला मिशा घासत पळतो, म्हणून बोर्ड भिंतीलगत ठेवायचा. पुढचे पाय चिकटले की तो मागच्या पायांनी जोर लावतो. मग तेही चिकटतात. बोर्ड उंदराला मारत नाही, नुसता धरून ठेवतो. मारायचं काम माणसानं रोज सकाळी येऊन करायचं असतं.

प्लांट मॅनेजर जाधव साहेबांना बोर्डच हवे होते. मी दोन अटी घातल्या. रोज बघायचे, आणि सुट्टी असेल तर आदल्या दिवशी सगळे उचलायचे. ते हो म्हणाले. दिवाळीच्या आदल्या दिवशी मी बोर्ड उचलायला गेले, तर दुपारीच सगळे गावी गेलेले आणि गोडाऊनला कुलूप. जाधव साहेबांना फोन केला. ते म्हणाले, वॉचमन बघेल, तुम्ही टेन्शन घेऊ नका. वॉचमनकडे गोडाऊनची चावीच नव्हती, हे मला गेटवर तो स्वतःच सांगत होता. मी परत फोन केला. तो उचलला गेला नाही.

आत काय झालं होतं ते थोडक्यात सांगते. बरेच उंदीर मेले होते. काहींनी आपलाच पाय कुरतडून काढला होता आणि उरलेल्या तीन पायांवर ते तसेच अडकून पडले होते. काही अजून जिवंत होते, टॉर्च पडला की डोळे हलायचे. एका बोर्डावर सरडा होता, एकावर चिमणी. जिवंत उंदीर मी एकेक करून मारले. एका फटक्यात मारावं लागतं, हात कचरला तर हाल वाढतात. गौतमभाऊ बोर्ड गोणीत भरत होते.

शेवटच्या भिंतीशी एक बोर्ड लाकडी पॅलेटखाली गेला होता. गौतमभाऊंनी पॅलेट सरकवलं आणि पुठ्ठ्याची कड धरून ओढली. मी पाठमोरी होते. ते हळूच म्हणाले, "मॅडम, मला लागलं."

वळून बघितलं तर बोर्डावर नाग. अडकलेल्या उंदरांच्या मागानं आत आला असणार. मधलं अंग पूर्ण चिकटलेलं, डोकं मोकळं. गौतमभाऊंच्या उजव्या तर्जनीवर दोन ठिपके.

मी त्यांना खाली बसवलं. हात हलवू दिला नाही, कापलं नाही, दोरीही बांधू दिली नाही. बाहेर जाधव साहेब आले होते. त्यांचं म्हणणं, जवळच्या खाजगी दवाखान्यात न्या.

"सिव्हिलला नेलं की पोलीस केस होते, मॅडम."

"होऊ द्या. इंजेक्शन तिथं आहे."

"कंपनीचं नाव येईल."

"साहेब, गाडीची चावी द्या."

त्यांनी दिली. एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

गाडीत गौतमभाऊ आधी नीट बोलत होते. बायकोला फोन करा म्हणाले, "पण साप नका सांगू. पोतं पडलं हातावर म्हणा. ती घाबरती." मी तसंच सांगितलं. मोंढ्याजवळ त्यांचे डोळे मिटायला लागले. मी म्हटलं, झोपू नका.

"झोप न्हाई आली, मॅडम. पापणीच उचलून न्हाई राह्यली."

नागाचं विष असंच करतं. आधी पापण्या, मग जीभ, मग श्वास. सिव्हिलच्या पायरीवर त्यांचं बोलणं कळेनासं झालं. डॉक्टरांनी सापाच्या विषावरची लस सुरू केली, श्वासाची नळी घातली. त्यांची बायको संगीताताई आल्या तेव्हा ते मशीनवर होते. त्यांनी मला एवढंच विचारलं, "पोत्यानं असं होतं का?" मग मी खरं सांगितलं. त्या माझ्यापासून दूर, दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या.

दुपारी मी प्लांटवर परत गेले. सर्पमित्राला बोलावलं. त्यानं गोडं तेल ओतून ओतून नाग सोडवला, पण खवले गोंदाबरोबर निघून आले. दुसऱ्या दिवशी नाग मेला.

हवालदार चौकशीला आले तेव्हा जाधव साहेब म्हणाले की मागच्या शेतातून साप आला, त्याला कोण काय करणार. हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं क्रमानं सांगितलं: बोर्ड, कुलूप, चावी, फोन. तो क्लायंट तिथंच सुटला.

गौतमभाऊ वाचले. तर्जनी मात्र सडली आणि मुळापासून काढावी लागली. हमाल पोत्यात लोखंडी आकडा रुतवून उचलतो, आणि तो आकडा त्यांच्या हातात बसेना. दवाखान्याचा खर्च कंपनीनं दिला, काम नाही दिलं. ते ठेकेदाराचे माणूस होते. ठेकेदारानं दुसरा हमाल आणला. त्या गोडाऊनमध्ये आता दुसरी एजन्सी बोर्ड लावते.

मी ग्लू बोर्ड बंद केले. त्यामुळे दोन कामं हातची गेली.

परवा राजूरला गेले होते, तेव्हा बाजारात गौतमभाऊ भेटले. संगीताताईंबरोबर भाजीचा गाडा लावतात. डाव्या हातानं तोलतात. चहा पाजला. मग संकोचत म्हणाले, "मॅडम, घरात उंदरं लई झालेत. काय करावं?"

मी म्हटलं, धान्य झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवा आणि दाराखालच्या फटीला पट्टी ठोका.

"बास? एवढंच?"

एवढंच. प्रत्येक प्लांटला मी हेच पहिल्यांदा सांगते. आजवर पट्टीची ऑर्डर कोणी दिलेली नाही.