सोळा पिवळे नट

इंजिनावर चार हजार पाउंड खर्च करायचे, त्याच्या वर काही नाही, आणि तेवढ्यात ते चाललं नाही तर गाडी आहे त्या स्थितीत विकून टाकायची, असं आम्ही नवरा-बायकोने जानेवारीत ठरवलं. आकडा मी काढला होता. तो त्याने मान्य केला, कारण दुसरा पर्याय गाडी लगेच विकण्याचा होता.

गाडी अमेरिकन, पन्नास वर्षांपूर्वीची, आठ सिलिंडरची. लेस्टरमधल्या आमच्या सेमीडिटॅच्ड घराच्या गॅरेजमध्ये ती तिरकी लावली तरच दार बंद होतं. नवऱ्याला अशी गाडी विशीपासून हवी होती. मला कधीच नको होती. पण एकदा पैसे घालायचे ठरल्यावर काम नीट व्हायला हवं, म्हणून मी त्यात उतरले. सिलिंडर नॉटिंगहॅमच्या वर्कशॉपकडून घासून घेतले आणि त्यात निम्मे पैसे गेले. बाकी सगळं घरी. व्हॉल्व्ह आम्ही हाताने घासून बसवले, इंजिन उचलायची क्रेन फक्त एका वीकेंडपुरती भाड्याने आणली. मोजमापं माझ्याकडे होती. पेरोलमध्ये वीस वर्षं काढल्यावर इंचाच्या हजाराव्या भागाची भीती वाटत नाही.

सप्टेंबरात पुण्याहून सासूबाई आल्या. गाडी पाहून म्हणाल्या, "पन्नास वर्षांची म्हणजे माझ्यापेक्षा तरुणच की. हिचे गुडघे तरी दुरुस्त होतायत."

नवरात्रात आम्ही इंजिनाच्या पोटाशी पोचलो होतो. स्टँडवर ते उलटं टांगलं होतं. पिस्टनचे आठ दांडे खालच्या शाफ्टला ज्या टोप्यांनी धरलेले असतात, त्या प्रत्येकीला दोन नट. एकूण सोळा. ते आधी बोटांनी फिरवून बसवायचे आणि मग ठरलेल्या जोराला टक् असा आवाज करणाऱ्या पान्याने आवळायचे. यातला एक जरी सैल राहिला तर इंजिन वेग घेताच दांडा सुटतो आणि लोखंडाला भोक पाडून बाहेर येतो. त्यानंतर दुरुस्ती नसते. म्हणून नट आवळून झाला की मी त्यावर पिवळ्या पेंट-पेनने एक छोटी रेघ ओढत होते.

दहा झाले आणि सासूबाई पूजेचं ताट घेऊन गॅरेजच्या दारात आल्या.

"अगं, आज खंडेनवमी. आज हत्यारं चालवायची नसतात. ठेव तो पाना इकडे."

"आई, सहाच राहिलेत."

"सहा उद्या पळून जाणार आहेत का?"

मी पाना दिला. त्यांनी सगळे पाने पुसून चादरीवर मांडले, कुंकू लावलं, झेंडू वाहिले. मी स्वयंपाकघरात कुकर बघायला गेले. दुसऱ्या दिवशी दसरा, त्यानंतर माझं ऑफिस. नवरा घरून काम करतो. संध्याकाळी मी परतले तेव्हा त्याने खालचं झाकण, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक ऑइल चेंबर म्हणतात, ते बसवून टाकलं होतं.

"सगळे नट झालेत ना?" मी विचारलं.

"सोळाच्या सोळा पिवळे."

आकडा बरोबर होता. उरलेले सहा त्याने आवळले असं मी धरून चालले.

नोव्हेंबरच्या एका शनिवारी सगळं तयार झालं. इंजिन गाडीत बसलं होतं, तेल भरलं होतं, चार हजारांतले पासष्ट पाउंड उरले होते. सासूबाईंचं विमान सोमवारी होतं. आईला गाडीतून एक चक्कर मारायची हे नवऱ्याने केव्हाच ठरवून ठेवलं होतं. त्यासाठीच त्याने शेवटचे तीन आठवडे घाई केली होती. त्यांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, शाल घट्ट केली आणि गॅरेजच्या दाराशी ड्राइव्हवेत घडीच्या खुर्चीवर बसल्या. तो किल्ली घेऊन आत बसला.

"आज तरी पूजा पुरी करू दे हं," सासूबाई मला म्हणाल्या. "त्या दिवशी तू दहाच नटांना हळद लावून उठलीस. अर्धं सोडू नये असं. उरलेल्या सहांना मी लावली. अगदी तुझ्यासारखी, बारीक रेघ."

मला ते समजायला एक क्षण लागला. मग मी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली.

"काय करतेयस?" नवरा म्हणाला.

"ते सहा नट तू आवळलेस?"

"कुठले सहा? मी झाकण लावायला गेलो तेव्हा सगळ्यांवर खुणा होत्या. तू केले होतेस ना?"

"मी दहा केले होते."

तो खाली उतरला. गाडीच्या पलीकडे, आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "आपण इंजिन हाताने कितीदा फिरवलं. छान फिरतंय."

"नट सैल असले तरी हाताने छानच फिरतं."

"तू सोळाही केले असशील. दोन महिने होत आले. तुला दहाच कसे आठवतात?"

"कारण मी मोजत होते."

चेंबर पुन्हा काढायचं म्हणजे इंजिनाचे माउंट सोडवायचे, जॅकने ते चार इंच उचलायचं, तेल काढायचं. आणि झाकणाच्या सांध्यातलं गॅस्केट एकदाच वापरता येतं. नवीन मागवलं तर बुधवारच्या आधी येत नव्हतं. दोन तासांपुरतं तरी चालवू, हळूच, असं तो म्हणाला. पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस मिनिटं वेगातच ठेवावं लागतं, नाहीतर कॅमशाफ्ट खराब होतो, हे त्यानेच मला वाचून दाखवलं होतं. मी ते पुन्हा सांगितलं नाही. त्याला ते माहीत होतं.

"आईला काय सांगू?" त्याने विचारलं.

"जे झालं ते."

"नको. तिला लागेल."

"मग मी सांगते." मी खुर्चीशी गेले आणि सांगितलं. माझ्या पिवळ्या खुणा हळदीच्या नव्हत्या. त्यांचा अर्थ नट आवळला असा होता. सहा नट बहुतेक सैल आहेत. आज गाडी निघणार नाही.

त्या बोटांवर मोजू लागल्या. "म्हणजे मला वाटलं तू विसरलीस. याला वाटलं तू केलंस. आणि तुला?"

"मला वाटलं यानं केलं."

"तीन जणांना वाटत होतं, आणि कुणी केलं हे विचारलं कुणीच नाही." त्या उठल्या. "चला, मी काय धरू?"

त्यांना आम्ही टॉर्च धरायला दिला. दुपारभर त्या गॅरेजमध्ये उकिडव्या बसल्या नाहीत एवढंच, खुर्ची मात्र गाडीखाली शिरल्यासारखी पुढे ओढली होती. अंधार पडायच्या आत चेंबर उतरलं. तेलाने पिवळं सगळं एकसारखं मळलं होतं, त्यावरून काहीच कळत नव्हतं. नवरा पाठीवर सरकत आत गेला. मी क्रमांक सांगत होते, तो पाना लावत होता. पहिल्या दहांवर पाना न हलता टक् वाजला. अकराव्याला त्याने पाना बाजूला ठेवला आणि दोन बोटांनी नट फिरवला. तो फिरला. पुढचे पाचही तसेच होते.

ते सहा त्याने आवळले. मग जागा बदलून मी पुन्हा सोळाही तपासले.

रविवारी संध्याकाळी, बॅगा भरून झाल्यावर, सासूबाई गॅरेजमध्ये गेल्या. त्या दिसेनात म्हणून मी पाहायला गेले, तर बंद गाडीत पुढच्या सीटवर बसल्या होत्या, पर्स मांडीवर घेऊन.

"सीट चांगली आहे," त्या म्हणाल्या. "बसले मी. चालली असं समजते."

सोमवारी माझ्या लहान गाडीतून त्यांना एअरपोर्टला सोडलं. गॅस्केट गुरुवारी आलं. शनिवारी सकाळी आम्ही दोघंच होतो. त्याने किल्ली फिरवली, मी तेलाच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवली आणि एक हात त्याच्या मनगटावर, काही वाजलं तर लगेच बंद करता यावं म्हणून. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. काटा वर गेला आणि तिथेच थांबला. पहिली पाच मिनिटं मी प्रत्येक ठोक्यात दांड्याचा आवाज शोधत होते. सात-आठ मिनिटांनी मनगट सोडलं.

डॅशबोर्डवर ठेवलेल्या फोनचा पडदा उजळला. सासूबाई. आम्ही दोघांनीही तो पाहिला, पण वीस मिनिटं व्हायची होती आणि इंजिनाच्या आवाजात तो वाजत असलेला आम्हाला ऐकूही येत नव्हता.