सासूबाई शिकल्या टेम्पो

लाँड्रीत तिला सगळे इस्त्रीवाली मावशी म्हणत. ऐन तारुण्यात नवरा गेला, पदरात बोलायलाही न शिकलेलं पोर. तेव्हापासून ती वाफेच्या इस्त्रीपुढे उभी होती. लॉजच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल. तिचं पोर मोठं होऊन नाट्यगृहात दिवे लावायच्या कामाला लागलं, आणि लग्न करून त्याने घरात आणली ती चक्क टेम्पोवाली! त्याच लाँड्रीचे गठ्ठे लॉजवर पोचवणारी. टेम्पो तिचा स्वतःचा होता, म्हणजे निम्मा तिचा आणि निम्मा बँकेचा.

सूनबाईने गोड बातमी दिली तेव्हा मावशीने आधी तिला मिठी मारली, मग लेकाला, आणि मग विळी परत द्यायला आलेल्या शेजारणीलाही. विळी हातात तशीच धरून ती बिचारी भेदरून उभी!

आनंद ओसरला नाही, पण रविवारी हिशेबाला बसावंच लागलं. दवाखान्याचा खर्च, घरभाडं, टेम्पोचा हप्ता. डॉक्टरीणबाईंनी गठ्ठे उचलायला आत्ताच बंदी केली होती, आणि पुढे गाडीही बंद म्हणाल्या होत्या. ड्रायव्हर ठेवावा तर त्याचा पगार आणि डिझेल जाऊन हाती भोपळा. लेकाची एका डोळ्याची नजर जन्मापासून अधू, त्यामुळे स्टिअरिंग काही त्याच्या नशिबी नव्हतं.

"मी दिवसाही कुठे काम धरतो," तो म्हणाला.

"म्हणजे बाळाला बापाचा फोटो दाखवायचा का?" सूनबाई उसळली.

इस्त्रीचा पगार आणि टेम्पोची कमाई यांची मावशीने मनातल्या मनात तुलना केली. टेम्पोचं पारडं चांगलंच जड होतं.

"मी शिकते," ती म्हणाली.

"काय?"

"गाडी."

लेकाला हसता हसता ठसका लागला. "आई, तू सायकलवरून पडली होतीस!"

"सायकलला दोन चाकं असतात. याला चार आहेत."

सूनबाई मात्र हसली नाही. ती सासूकडे टक लावून बघत राहिली आणि उठून किल्ली घेऊन आली. "चला."

बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात शिकवणी सुरू झाली. मावशीचा पाय क्लचवरून सुटला की टेम्पो बेडकासारखी उडी मारायचा. एकदा भिंत समोर आली आणि मावशी ब्रेकच विसरली. सूनबाई किंचाळली, "अगं, ब्रेक दाब, ब्रेक!"

टेम्पो भिंतीपासून हातभर अंतरावर थांबला. सूनबाईने जीभ चावली. "सॉरी आई. तोंडातून 'अगं' निघून गेलं."

मावशीला हसू आवरेना. "गाडीत 'अगं'च म्हण गं बाई. 'अहो, जरा ब्रेक दाबता का' म्हणेपर्यंत भिंत पडायची!"

लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत चढावर टेम्पो मागे घसरला आणि आरटीओच्या साहेबांनी नकारार्थी मान हलवली. मावशी घरी येऊन न जेवताच झोपली. दुसऱ्या दिवशी मात्र पहाटे उठून तिनेच सुनेला हलवलं. "चल, चढ शोधू." गावातला एकही चढ त्या दोघींनी सोडला नाही. पुढच्या खेपेला मावशीने चढावर टेम्पो असा अलगद उचलला, की साहेबच म्हणाले, "बाई, पास!"

इस्त्रीचं काम सोडून एकटीने पहिली फेरी केली त्या सकाळी तिने खिडकीची काच पूर्ण खाली घेतली. इतकी वर्षं तिने ज्या चादरींना इस्त्री केली त्या जातात कुठे, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. लॉज पाहिले, नदीवरचा पूल पाहिला, दुसऱ्या टोकाचा बाजार पाहिला. एका वसतिगृहापुढे पडद्यांचा मळकट ढीग दिसला तशी ती थेट आत शिरली, व्यवस्थापकाशी घासाघीस केली आणि ते कामही पटकावून आली. घरात शिरता शिरताच ओरडली, "गिऱ्हाईक वाढलं! डॉक्टरीणबाईंच्या बिलाची सोय झाली!" लेकाने तिला उचलून गरकन फिरवलं. "अरे, पाडशील मेल्या," म्हणत तीही खिदळत होती.

मुलगी झाली. बिल चुकतं केलं, आणि टेम्पोचा एकही हप्ता चुकला नाही. बाळ मान धरू लागलं तशी सूनबाई म्हणाली, "आई, उद्यापासून मी जाते. द्या किल्ली."

मावशीने किल्ली कमरेला खोचली. "सकाळची फेरी माझी. तू दुपारी जा."

"सकाळी रस्ते मोकळे असतात म्हणून ना? हुशार आहात!"

"मग? मला शिकवलं कुणी?"

दोघींची चांगलीच जुंपली. लेकाची ड्यूटी संध्याकाळची, त्यामुळे सकाळी बाळ त्याच्याकडे राहील हे कुणी न सांगताच ठरलं होतं. तो लेकीला खांद्यावर घेऊन थोपटत होता. "हळू बोला की दोघी," तो कुजबुजला, "आत्ता कुठे डोळा लागलाय हिचा."

दोघी हळू आवाजात भांडू लागल्या.