खाडीपलीकडचं गाऱ्हाणं

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीचा 'निसर्ग कॅम्प' दरवर्षी एका रिसॉर्टवर जातो. तिथली हिरवळ प्लास्टिकची, पाणी बाटलीतलं, आणि अंधार पडला की डीजे. यंदा मी नावच दिलं नाही. कमिटीला सांगितलं, मला निसर्ग हवा असला तर मी खाडी ओलांडेन. होडीत बसलं की समोर गोराई, आणि तिथे माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची वाडी आहे. तंबू उसना, गोधड्या घरच्या, ताटं स्टीलची. जे नेऊ ते परत आणायचं, एवढीच शिस्त.

हे ऐकून आई म्हणाली, "मी पण येतलंय."

आई पंचाहत्तरीची. मालवणकडच्या खळ्यात, उघड्यावर निजून वाढलेली, आणि आता माझ्याबरोबर चौदाव्या मजल्यावर राहते. मालाडच्या भावाने फोनवर थयथयाट केला. "तिचा गुडघा बघ ना. जमिनीवर झोपवणार तू तिला? आईला काही झालं तर मी तिला इकडे घेऊन येईन. कायमची. मग बोलू नकोस."

तो बोलला की करतो. आईला मालाड नको होतं. इथे तिचा बाजार आहे, खालच्या बाकावरच्या मैत्रिणी आहेत, घराची किल्ली तिच्या कमरेला आहे. तिकडे तिला फार प्रेमाने गॅसजवळसुद्धा जाऊ देत नाहीत. मला भयंकर राग आला. म्हातारं माणूस जपायचं म्हणजे त्याला शोकेसमध्ये ठेवायचं का? गेलो आम्ही.

वाडीत मैत्रिणीने चूल दिली. पडलेल्या काटक्या गोळा करून आम्ही भात आणि सुकटीचं कालवण केलं. दिवस कलताना भावाचा व्हिडिओ कॉल आला. त्याला तंबू बघायचा होता, डासांची अगरबत्ती बघायची होती, आणि आईला आत्ताच्या आत्ता परत पाठवायचं होतं.

"थांब रे," आई म्हणाली. "आधी गाऱ्हाणं होऊन दी."

आमच्यात नव्या जागी वस्तीला गेलं की जेवणाआधी तिथल्या राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, पान वाढतात आणि उभं राहून गाऱ्हाणं घालतात, त्याला सगळं सांगतात, हवं ते मागतात. बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा. आईने केळीच्या पानावर भात वाढला, चिंचेखाली ठेवला आणि हात जोडले. मी फोन खोडाला टेकवून ठेवला.

"बा राखणदारा म्हाराजा, आज तुझ्या पायाकडे वस्तीक इलंय."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. मैत्रीण ख्रिस्ती, तिनेही म्हटलं. आणि फोनमधून तिसरा आवाज आला. लहानपणापासूनची सवय ती, मालाडला गेला म्हणून सुटते थोडीच.

"चूकभूल पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"दरवर्षी हंय येवन जमनीर निजतलंय, आणि माझ्या घराची किल्ली मरेपर्यंत माझ्याच कमरेक ऱ्हवांदी."

"व्हय म्हाराजा," भाऊ तिघांत सगळ्यात मोठ्याने म्हणाला. मग त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"आई, हे चीटिंग आहे."

"माका काय सांगतंस? त्येका सांग," ती चिंचेकडे बोट दाखवत म्हणाली आणि जेवायला बसली.

तंबूत ती झोपलीच नाही. गोधडी बाहेर ओढली, वरचं आभाळ बघत पडली आणि माझ्याआधी घोरायला लागली. सकाळी पान मैत्रिणीच्या कोंबड्यांनी साफ केलं होतं. दुधाच्या रिकाम्या पिशव्या आम्ही धुऊन परत आणल्या.

आईला डास चावले, थंडी वाजली आणि गुडघा चांगलाच धरला. भावाला तिने स्वतः फोन करून यातलं काहीही न लपवता सांगितलं. मी शेजारी कान देऊन उभी होते.

मग त्याने विचारलं, "तेल लावलंस?"