तरंगलं तर माशाचं

आमचे सासरे, म्हणजे मामा, कुठलाही पदार्थ तोंडात घालण्याआधी पाण्यात घालायचे. बजाजनगरच्या टपरीवरची इडली असो की लग्नातली बुंदी, तांब्यात टाकून बघायचेच. "तरंगलं तर माशाचं, बुडलं तर आपलं," असा त्यांचा कायदा. टपरीवाल्याची इडली दगडासारखी तळाला गेली तेव्हा मामांनी "माणसानं खायालायक हाय!" असं त्याला भर गर्दीत प्रशस्तिपत्रक दिलं होतं.

कारखान्याला सुट्टी असली की मामा गळ घेऊन धरणाच्या पाण्यावर. जमलेले बाकीचे लोक पेंडीचे गोळे करून तळाला सोडत. मामांना ते पटत नसे. "कटला मासा वर बघून जेवतो. खाली सांडलेलं टिपाया तो काय कोंबडी हाय?" त्यामुळे चारा तरंगताच हवा. पावाची कडा कापून गळाला लावायचे आणि मऊ भाग चक्क फेकायचे. ज्वारीच्या लाह्या गुळाच्या पाकात वळायचे. कणकेच्या गोळीत थर्माकोलचा मणी लपवून वरून हिंग चोळायचे. चहाबरोबरच्या खारीचा प्रयोग मात्र फसला. ती गळाला लावेपर्यंत निम्मी शर्टावर आणि उरलेली मामांच्या पोटात जायची.

मामींना हा सगळा प्रकार म्हणजे स्वयंपाकघरावरचा दरोडा वाटे. "माझ्या हातची चव पाण्याला इचारता व्हय?" त्या कडाडायच्या. मामा चकली पाण्यातून बाहेर काढून मुकाट्यानं खायचे.

मी मामांच्या घरी मुलगी बघायला कन्नडहून आईवडिलांसोबत गेलो, त्या दिवसाची गोष्ट. मामींनी पाहुण्यांसाठी दहीवडे करायला घेतले होते. वडे तळून पाण्यात भिजत टाकले आणि त्या साडी बदलायला आत गेल्या. एवढ्यात मामा आले. पातेल्यात बघतात तर काय, सगळे वडे तरंगताहेत! बायकोनं जन्मात पहिल्यांदा आपल्यासाठी चारा केला, असं वाटून त्यांना गहिवरून आलं म्हणे. डबा भरला आणि पाहुणे यायच्या आत परतू म्हणून धरण गाठलं.

आम्हाला वाट्यांतून नुसतं दही आलं. वडील बराच वेळ चमचा फिरवत राहिले. शेवटी हळूच आईला म्हणाले, "वडा खाली बसला का काय?" मामी लालबुंद झाल्या होत्या. तेवढ्यात दारातून मामा, हातात भलामोठा कटला. "अगं, वड्यानं कमाल केली!"

वडील आधी माशाकडे बघत राहिले, मग मामांकडे, आणि जे हसत सुटले ते थांबेचनात. सोयरीक तिथंच जुळली. मामींनी मात्र त्या दिवसापासून दहीवडे बंद केले ते केलेच. मामा प्रत्येक सणाला गयावया करायचे, "एक घाणा तळ की. पाण्यात टाकत नाय, शप्पथ!"

"तळते, अन् धरणाला जेवाया घालते!" मामींचं उत्तर ठरलेलं.

मागच्या वर्षी मामा गेले. वडे राहूनच गेले.

दहाव्याला आम्ही पैठणला घाटावर होतो. पिंडाला कावळा शिवेना. बायकोच्या चुलत्यांनी लेकीची, घराची, सगळ्यांची हमी देऊन पाहिली. मामी उठल्या, पिशवीतून डबा काढला. आत वडे होते. पहाटे कधी तळले, कोणालाच पत्ता नाही. एक पिंडाशेजारी ठेवला. कावळ्यानं मान वाकडी करून पाहिलं आणि शेजारच्यांच्या पिंडाकडे निघून गेला.

"त्याला काय इचारता," मामी म्हणाल्या. "ह्यांचा जीव जमिनीवर हुता कवा?" आणि त्यांनी दुसरा वडा उचलून गोदावरीत टाकला.

वडा तरंगला. स्वतःभोवती एक गिरकी घेतली. खालून एक तोंड वर आलं आणि वडा गायब.

गुरुजींच्या हातातला दर्भ तसाच राहिला. इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या मामी ओल्या पायरीवर मटकन बसल्या आणि हसता हसता हमसून रडायला लागल्या.

"तरंगला बाई," त्या म्हणाल्या. "त्यांचाच हुता."