चुळबुळेकाकांचा डबा

इथे परदेशात, माउंट रॉस्किलला, आमच्या शेजारी एक म्हातारा इंग्रज राहायचा. त्याला बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहासुद्धा कुंपणापाशी येरझाऱ्या घालत प्यायचा, आणि अर्धा टाकायचा. मी त्याचं नाव ठेवलं चुळबुळेकाका.

तरुणपणी हे काका इंग्लंडात रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचे, गाणी लिहायचे. एक नाही, तीन बँड सोडले! रेकॉर्ड बाजारात आली की यांनी गाशा गुंडाळलाच. एकदा इथल्या कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेले, तर रेडिओवर यांचंच गाणं, दुसऱ्याच कुणाच्या आवाजात. दूध तिथंच ठेवून घरी आले. असं का करता विचारलं, तर म्हणाले, "गाणं पुरं झालं, की त्या घरात माझं काम उरत नाही."

एकदा मी पोह्यांचा डबा दिला. दुसऱ्या दिवशी धुऊन, रिकामा परत. मी सांगितलं, काका, आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. तेव्हापासून डब्यातून चिठ्ठी यायला लागली. नव्या गाण्याची एक ओळ. खिचडीला एक, थालीपिठाला एक. आणि पुढच्या चिठ्ठीत आधीची ओळ खोडून दुसरी! दोन वर्षं हेच. इकडे संधिवातानं बोटं सुजत चाललेली, तारा दाबताना चेहरा कळवळायचा. माझा जीव तुटायचा. शेवटी मी रागावलेच.

"काका, बोटं चालतायत तोवर एवढं गाणं पुरं करा बघू."

ते नुसते हसले आणि बागेत फेऱ्या मारायला लागले.

गेल्या गुरुवारी ऑफिसातून आले, तर पायरीवर डबा. आत सबंध गाणं, एकही खाडाखोड नाही, आणि कागदाच्या पुडीत साखर. मी तशीच शेजारी पळाले. दार बंद, त्यांची व्हॅनही जागेवर नाही. घरमालक म्हणाला, सकाळीच किल्ली देऊन गेले, कुठे ते सांगितलं नाही.

मागे मीच लागले होते ना! आता पोहे केले की हटकून जास्त होतात, आणि हात आपोआप डब्याकडे जातो.

मेल्या, एक ओळ तरी शिल्लक ठेवायची होतीस.