बँड कुठं थांबतो

आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे स्टेज, झगमगते लाईट, सिनेमाची गाणी आणि मधेमधे नटांचे आवाज काढणारा एक माणूस. त्यामुळे जालना जिल्ह्यातल्या आष्टीच्या आमच्या शाळेत पुण्याहून ऑर्केस्ट्रा येणार म्हटल्यावर गावाने पहिला प्रश्न विचारला तो हा, की गाणाऱ्या बाया किती आहेत. मी सांगितलं, एकही नाही. कोणी गाणार नाही, नुसतं वाजवणार. "मंग ऑर्केस्ट्रा कशाचा?" आमच्या शिपायाने विचारलं. 

मी शाळेत विज्ञान शिकवते. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही, पण चौकशा करायची खोड आहे. एका प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले होते तेव्हा चुलतबहिणीने असल्या एका कार्यक्रमाला ओढून नेलं. एवढी माणसं बसलेली, प्रत्येकाचं वाजवणं वेगळं, आणि तरी गोंधळ म्हणून नाही. आमच्या सातवीच्या वर्गाने एकच कविता एका वेळी म्हटली तरी बाजार भरल्यासारखं होतं. बरं, या सगळ्यांच्या पुढे एक तरुण बाई आम्हा लोकांकडे खुशाल पाठ करून उभ्या होत्या. हातात बारीकशी काडी. त्या स्वतः काहीच वाजवत नव्हत्या आणि संपल्यावर टाळ्या सगळ्यात आधी त्यांनाच. मला राहवेना. कार्यक्रमानंतर मी त्यांना गाठलं आणि इतकं विचारलं, इतकं विचारलं, की बहीण कंटाळून बाहेर जाऊन उभी राहिली.

त्या बाई मात्र कंटाळल्या नाहीत. त्यांची मंडळी गावोगावच्या शाळांत जाऊन वाजवत, हे त्यातूनच कळलं. आष्टीलाही यायला त्या तयार झाल्या. कार्यक्रम जमला तर मुलांसाठी काही वाद्यं ठेवून जाऊ, महिन्यातून एकदा शिकवायलाही येऊ, म्हणाल्या. अट एकच होती. त्या नसतील तेव्हा दर शनिवारी मुलांचा सराव घेणारा कोणीतरी वाजवणारा जवळपासचा हवा.

आता जालना जिल्ह्यात असा माणूस कुठून आणायचा, या विचारात मी एसटीत बसले होते आणि वाटूर फाट्याच्या पुढे माझी मलाच लाज वाटली. लग्नाचा बँड! मी पुण्यात तिकीट काढून जे ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट डोळे फाडून बघितलं होतं, ते माझ्या स्वतःच्या लग्नात माझ्याच पुढे वाजत गेलं होतं. मी तेव्हा त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

विचारत विचारत मी जालन्यात मस्तगड भागातल्या एका बांगड्यांच्या दुकानात पोचले. दुकान मुलाचं, आणि गल्ल्यावर बसले होते एके काळचे बँडमास्टर. त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणू लागले. डीजे आल्यापासून बँडला कोणी बोलवेना, साथीदार पांगले, चाचांनी क्लॅरिनेट पेटीत घालून पेटी माळ्यावर टाकली होती. मी येण्याचं कारण सांगितलं. ते समोरच्या बांगड्यांचे डझन उगाचच इकडचे तिकडे करत राहिले.

"लोकांला डीजे पाहिजे, बाई. मी हितं बसून राह्यलो," ते म्हणाले. "पन हे वाजवनं माझ्याबराबर मातीत जायला नको. चार पोरं द्या मला, बास."

पुण्याच्या बाईंनी फोनवर सांगितलं, चाचांना आष्टीत आमच्याबरोबर एक तुकडा, म्हणजे एक रचना, वाजवू द्या, मग ठरवू. त्यांना कागदावरचं लिहिलेलं संगीत वाचता येत नाही म्हटल्यावर बाईंनी त्यांच्या भागाचं रेकॉर्डिंग करून पाठवलं. चाचांनी ते ऐकून ऐकून आठवड्यात बसवलं. रोज संध्याकाळी मुलाच्या फोनवरून ते मला थोडं वाजवून दाखवत आणि 'बराबर है ना?' विचारत. मला काय कळतंय? मी आपली हो म्हणत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्यांची गाडी उशिरा आली, त्यामुळे तालीम घाईघाईत उरकली. एक जागा मात्र बाईंनी चाचांना दोनदा बजावून सांगितली. तुकड्याच्या मध्यावर सगळे एकदम थांबतात. आठ मोजेपर्यंत कोणीच वाजवायचं नाही, मग हलक्या हाताने पुन्हा सुरू. चाचा म्हणाले, बिलकुल.

संध्याकाळी मैदान भरलं. आमच्या रिवाजाप्रमाणे आधी दीपप्रज्वलन, मग भाषणं, मग प्रत्येक पाहुण्याला टॉवेल-टोपी-नारळ. व्हायोलिनवाल्यांची एक काखेत वाद्य आणि दुसऱ्या हातात नारळ अशी तारांबळ उडाली. मुख्याध्यापकांनी सगळ्यात मोठ्या वाद्याला, त्या उभ्या चेलोला, भक्तिभावाने हळद-कुंकू वाहिलं. त्याच्या मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण बिचारा हसला.

मग बाईंनी पाठ फिरवली. बायकांत कुजबुज झाली. मी आधीच सांगून ठेवलं होतं की यात अपमान काही नाही, तरी पुढच्या रांगेतले एक आजोबा खुर्ची तिरकी करून बसले. पहिले दोन तुकडे लोकांनी पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून ऐकून घेतले. तिसऱ्याला चाचा उभे राहिले, बँडचा लाल कोट घालून, आणि मैदान सावरून बसलं.

चाचा छान वाजवत होते. मग ती मधली जागा आली. बाईंची काडी हवेत थांबली, सगळे थांबले, आणि त्या शांततेत चाचांच्या क्लॅरिनेटने एक लांबलचक लफ्फेदार तान मारली. मैदानाने टाळ्यांचा कडकडाट केला. चाचा खूश, गाव खूश, आणि बाईंचे खांदे मला मागूनही ताठ झालेले दिसत होते.

तुकडा संपल्यावर मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले, तेवढ्या वेळात बाई आणि मी सातवीच्या वर्गात शिरलो. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "हात फार चांगला आहे त्यांचा. पण ते ऐकत नाहीत. मुलांना हेच शिकवतील ना." दारात चाचा उभे होते, त्यांनी ते ऐकलं. सगळं मुसळ केरात गेलं असं मला वाटलं आणि मी त्यांच्यावरच चिडले. गप्प बसा म्हणून दोनदा सांगितलं होतं ना, म्हटलं.

"सांगितल्तं, बाई. पन वरातीत बँड गप झाला का मालक पळत येतो, काय झालं म्हून. मी दम घ्यायचा तर बाजूवाला वाजवनार, त्यानं घ्यायचा तर मी. हितं सगळेच गप झाले. मला वाटलं, चुकले बिचारे. कोनीतरी सांभाळून घ्यायला पाहिजे."

म्हणजे हा माणूस त्यांची अब्रू वाचवत होता! मला हसू आलं. बाईंना आलं नाही, पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली. त्यांनी विचारलं, "म्हणजे तुमचा बँड कधीच थांबत नाही, चाचा?"

चाचांनी विचार केला. "थांबतो की. रस्त्यात मयतीचं घर आलं का थांबतो. म्होरचा हात वर करतो, सगळे गप. नाचनारे बी गप चालतात. घर मागं पडलं का मंग हळूच सुरू करायचं, एकदम न्हाई."

"हळूच, एकदम नाही," बाई म्हणाल्या. "अहो, माझ्या कागदावर हेच लिहिलंय."

"मंग घर आलं म्हून सांगायचं ना. आठ कशाला मोजायला लावता?"

शेवटी तो तुकडा पुन्हा वाजवायचा ठरला. मी स्टेजच्या कडेला उभी राहिले. जणू परीक्षा माझीच होती. ती जागा आली, बाईंचा हात वर गेला. चाचांनी क्लॅरिनेट ओठांवरून काढलं आणि मान खाली घातली. गाव त्यांच्या तानेची वाट बघत होतं. टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. चाचांची खाली गेलेली मान बघून ते खुर्ची तिरकी केलेले आजोबाही सरळ बसले. आमच्या मैदानावर इतकं शांत मी प्रार्थनेच्या वेळीही पाहिलेलं नाही. मग सगळे मिळून हळूच सुरू झाले, आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. 

नंतर बाईंनी मुख्याध्यापकांसमोरच चाचांना विचारलं, येत्या शनिवारपासून जमेल का. चाचांनी मान डोलावली. मंडळी जेवायला गेली तरी ते वर्गातल्या बाकावर बसून फडक्याने क्लॅरिनेट पुसत होते. माझी खोड मला स्वस्थ बसू देईना. मी विचारलं, मोजलं नाहीत, मग सुरू कधी करायचं ते बरोबर कसं कळलं?

"घर डोळ्यांसमोर आणलं, बाई. मनातच त्याच्यासमोरून चालत गेलो. मागं पडलं तवा सुरू केलं."

कोणाचं घर, मी विचारलं.

"आमचंच," चाचा म्हणाले. "घरवालीचा इंतकाल झाल्ता. वरातीची सुपारी आधीच घेतल्ती, म्हून चौथ्या दिवशी मी वाजवायला गेल्तो. वरात आमच्याच गल्लीतून निघाली. म्होरं मीच होतो. दुसऱ्याच्या खुशीत आपलं दुःख कशाला, म्हून मी हात वर केला न्हाई. वाजवत वाजवत दारावरून गेलो." त्यांनी क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून पेटीत ठेवले. "आज थांबलो."