घरच्या घरी

आमच्या कंपनीत दुपारी डबे उघडले की कोणीतरी त्या दोन वर्षांचा विषय काढतोच. मग एकाचं सांगून संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं. तेव्हा ज्यांनी माझं डोकं उठवलं होतं, तेच आता सगळ्यात मोठ्याने हसतात. मला अजून तितकंसं हसू येत नाही. कारण तेव्हा गेटवर ताप मोजायचं ते पांढरं पिस्तूल घेऊन मी उभी असायचे.

कंपनी वागळे इस्टेटमध्ये आहे. आम्ही औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवतो, त्यामुळे 'अत्यावश्यक' म्हणून चालू राहिलो. झाकणात काय गं अत्यावश्यक, असं माझ्या जावेने विचारलं होतं. तिला म्हटलं, खोकल्याचं औषध ओंजळीतून घरी आणून दाखव. मी तिथे ॲडमिन बघते, म्हणजे रजा, चहा, बंद पडलेला पंखा आणि त्या काळात कोरोनासुद्धा. शेठनी फर्मान काढलं होतं की जो लग्नाला, बारशाला, वाढदिवसाला जाईल त्याने चौदा दिवस घरी बसायचं. आणि कोण कुठे गेलं ते शोधून काढायचं मी.

यातच माझ्या स्वतःच्या घरात एक कार्य येऊन ठेपलेलं. आम्ही डोंबिवलीला राहतो, आई-बाबा आमच्याकडेच असतात. बाबांनी ऐंशी ओलांडली होती, म्हणजे हजार पौर्णिमा बघून झालेल्या, सहस्रचंद्रदर्शन करायचं होतं. बाबांना हॉल नको होता, आहेर नको होते, जेवणावळ नको होती. त्यांना एक माणूस हवा होता. त्यांचे थोरले भाऊ, आमचे नानाकाका, कल्याणला राहणारे.

घरातल्या कार्याला पाचच माणसं असा तेव्हा नियम होता. बाबा, आई, मी, माझा नवरा आणि गुरुजी, झाले पाच. सहावे नानाकाका, नव्वदीकडे झुकलेले आणि छातीचं दुखणं जुनं. मी नाही म्हटलं. तरी रोज संध्याकाळी मी कामावरून येऊन आंघोळ करून बाहेर आले, की बाबा विचारायचे, "काय ठरलं मग?" जशी काही मीच जिल्ह्याची कलेक्टर.

* * *

विकास आमच्या मोल्डिंगला आहे, दिव्याला राहतो. एका सकाळी तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. मी विचारलं, कशाचे? तर म्हणे, "असेच, मॅडम."

असेच पेढे आजवर कोणी वाटलेत का? आपल्या माणसाला एक वेळ कार्यक्रम लपवता येईल, पण पेढे वाटल्याशिवाय त्याला राहवत नाही. चोरी करायची आणि दुसऱ्या दिवशी तिचे पेढे घेऊन ऑफिसला यायचं. मी पिस्तूल बाजूला ठेवून त्याच्याकडे नुसती बघत राहिले. दोन मिनिटांत पठ्ठ्या कबूल झाला. मुलीचं बारसं केलं होतं. "पण घरच्या घरी, मॅडम."

'घरच्या घरी' हा शब्द त्या दिवसापासून माझ्या मागे लागला. घरच्या घरी म्हणजे किती माणसं, विचारलं तर सांगतो, घरचीच. मग हळूहळू कळलं की घर लहान म्हणून पाळणा गच्चीवर बांधला होता, आणि गच्ची काय कोणाच्या एकट्याची नसते, त्यामुळे सगळ्या मजल्यांवरची माणसं घरचीच झाली. माझा पारा चढलेला बघून तो मलाच धीर द्यायला लागला. "टेन्शन नका घेऊ मॅडम, लोक जास्त थांबलेच नाय. आमच्याकडे चार दिवस पाणी नव्हतं ना. तहान लागली तसे सगळे आपापल्या घरी."

सरकारला जे जमलं नव्हतं, ते न आलेल्या टँकरने करून दाखवलं. विकासला मी चौदा दिवसांसाठी घरी पाठवलं. पेढे वाया गेले, कारण तोवर आमच्या अकाउंट्सच्या मनीषाने त्यांच्यावर सॅनिटायझर मारलं होतं.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, काय ठरलं मग? मी म्हटलं, बाबा, आज नको.

* * *

बरं, फर्मान काढणारे शेठ तरी पाळतील की नाही? दसऱ्याला आमच्याकडे मशीनची पूजा असते. शेठचे दोन भाऊ, त्यांच्या बायका, माल पुरवणारे चार-पाच जण, झालंच तर बाजूच्या गाळ्यातले शेजारी, सगळे हजर. मी शेठना बाजूला घेऊन विचारलं की हा कार्यक्रम नाही का?

"नाय मॅडम, हे मेंटेनन्स आहे."

आणि हा साजूक तुपातला शिरा?

"ते ग्रीसिंग."

मग चौदा दिवस कोणी घरी बसायचं, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. शिरा मात्र चांगला झाला होता, एवढं कबूल करते.

* * *

कुलकर्णी आमचे सेल्सचे मॅनेजर. घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये राहतात आणि शिकलेला माणूस नियम कसे पाळतो यावर मला गेटवरच लेक्चर देतात. एकदा ते चक्क दीड तास उशिरा आले. मी कारण विचारलं. सवयीने त्यांच्या तोंडून उत्तर गेलं, "ट्रॅफिक."

घोडबंदरला एरवी हे कारण कोणीही मान्य करतं. पण तेव्हा लॉकडाऊन होता, त्या रोडवर कुत्रीसुद्धा मधोमध झोपायची. मी विचारलं, ट्रॅफिक कुठे होतं? कुलकर्णींनी खाली बघितलं.

"पार्किंगमध्ये."

झालं होतं असं, की त्यांच्या मुलाचा पहिला वाढदिवस होता. क्लबहाऊस बंद, घरात पाचच माणसं. मग कुलकर्णींनी डोकं लढवलं. बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये केक कापायचा आणि प्रत्येक कुटुंबाने आपापल्या गाडीत, काचा लावून बसायचं. गाडी म्हणजे स्वतःचं घरच, म्हणून कार्यक्रम घरच्या घरीच. नातेवाईक रात्रीच येऊन गाड्या लावून बसले, सकाळी मुहूर्तावर केक कापला, सगळ्यांनी हॉर्न वाजवून टाळ्या दिल्या. निघायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की सगळ्यात आधी आलेली आत्याची गाडी सगळ्यात आत, आणि गेटच्या तोंडाशी उभी असलेली मेहुण्यांची गाडी एसी चालवून चालवून बंद पडलेली. ऑफिसला निघालेला वाढदिवसाचा बाप मधल्या रांगेत अडकला.

मी म्हटलं, सर, चौदा दिवस. ते म्हणाले, पण मी गाडीतून उतरलोच नाही. मी म्हटलं, मग केक कोणी कापला? तर तो खिडकीतून कापला म्हणे.

* * *

या सगळ्यात एक माणूस कार्याच्या आधी माझ्याकडे विचारायला आला, ते डिस्पॅचचे कांबळे. कल्याणचे, वयाने माझ्याएवढेच, मुलीचं लग्न ठरलेलं. तेव्हा लग्नाला दोन तासांची मुदत होती. कांबळे समोर बसून म्हणाले की माणसं नियमात आहेत, वेळही नियमात बसवतो, नंतरचे चौदा दिवस मी आपणहून घरी बसतो, फक्त आधी सांगून ठेवलं. मला भरून आलं. इतक्या महिन्यांत मला आधी सांगणारा हा पहिला माणूस. मी म्हटलं, दोन तासांत होईल ना सगळं?

"मॅडम, आमच्यात लग्नाला वेळ लागत नाय. भाषणांना लागतो."

तसंच झालं. विधी अर्ध्या तासात आटोपला. मग कांबळेंचे थोरले मेहुणे दोन शब्द बोलायला उठले. विषय होता, संकटकाळात प्रत्येक नागरिकाने नियम का पाळले पाहिजेत. हॉलच्या मॅनेजरने घड्याळ दाखवलं, मेहुण्यांनी मान हलवली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. मॅनेजरने माईक बंद केला, मेहुण्यांनी आवाज चढवला. शेवटी मॅनेजरने दिवे घालवले. मुदत संपून गेलेली, वऱ्हाड अंधारात टाळ्या वाजवतंय आणि जेवण पिशव्यांत भरून रस्त्यावर वाटायला लागलं.

मी कांबळेंना विचारलं, थांबवलं का नाही त्यांना? ते म्हणाले, "नियमांवरच बोलत होते मॅडम. मध्येच कसं थांबवणार?"

* * *

आता आमच्या घरचं.

मी हट्टी आहे, मान्य. पण त्याच महिन्यात आमच्या पॅकिंगमधल्या एका मुलाचे वडील गेले होते. साखरपुड्याचं जेवण जेवून आले आणि आठवड्यात गेले. त्या मुलाला मी गेटवर बघितलं होतं, आणि घरी जाऊन बाबांकडे बघायचे तेव्हा तोच डोळ्यांपुढे यायचा. म्हणून मी बाबांना बसवलं, फोन लावून हातात दिला आणि म्हटलं, तुम्हीच सांगा काकांना. नानाकाकांना कमी ऐकू येतं. बाबांना तीनदा ओरडून सांगावं लागलं, "नाना, तू येऊ नकोस." तिकडून "बरं" एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, झालं तुझं समाधान? त्या संध्याकाळी त्यांनी चहा घेतला नाही. मला वाईट वाटत होतं आणि सगळ्या जगाचा रागही येत होता. लोक गच्च्या भरवत होते, पार्किंग भरवत होते, आणि माझा बाप एक माणूस मागत होता तर त्याला मी नाही म्हणत होते.

कार्याच्या दिवशी गुरुजी आले, आईने निरांजनं लावली, संकल्प सुरू होणार इतक्यात बेल वाजली. दार उघडलं तर नानाकाका. कोट, टोपी, दोन मास्क, जिना चढून दम लागलेला. कल्याणहून रिक्षा करून आले होते. माझा तोलच गेला. मी जवळजवळ ओरडले की काका, बाबांनी येऊ नका म्हणून सांगितलं होतं ना!

"सांगितलं ना, म्हणून तर आलो," नानाकाका म्हणाले. "जन्मात कधी तो मला येऊ नकोस म्हणाला नाही. म्हटलं, याचं काहीतरी भलतंच झालंय आणि तुम्ही मंडळी लपवताय. वाटेत पोलिसांनी अडवलं. त्यांना सांगितलं, धाकटा भाऊ अत्यवस्थ आहे. त्यांनी लगेच सोडलं."

आत पाटावर बसलेले बाबा मान वळवून दाराकडे बघत होते. परत पाठवायला माझी जीभ रेटेना. पण पाचाचे सहा होऊ द्यायलाही मन तयार होईना. नवरा म्हणाला, मी जातो बाहेर. मी म्हटलं, नको. तो घरूनच काम करायचा, रोज गेटवर सगळ्या कंपनीच्या तोंडाशी उभी राहणारी मी. काकांना धोका कोणाचा असलाच तर माझाच होता. मी खिडक्या उघडायला सांगितल्या, काकांना आत घेतलं, चपला घातल्या आणि पंचावन्नाव्या वर्षी, पैठणी नेसून, जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले.

दार उघडंच ठेवलं होतं. मंत्र ऐकू येत होते. थोड्या वेळाने आईने माझं ताट उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि लांबूनच माझ्याकडे सरकवलं. वरच्या मजल्यावरच्या लेलेकाकू कचरा टाकायला खाली येत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, आणि पदर सावरून भिंतीच्या कडेकडेने निघून गेल्या.

ओवाळून झालं असावं, कारण आतून नानाकाकांचा खणखणीत आवाज आला. तुला काहीच झालेलं नाही तर मला येऊ नकोस कशाला म्हणालास, असं ते विचारत होते. बाबांनी ओरडून सांगितलं की मेधाने म्हणायला लावलं.

"आणि ती कुठे आहे? औक्षणाला दिसली नाही."

"ती बाहेर बसलीय!" बाबा सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

मग नानाकाकांनी विचारलं,

"अजून?"